दुसऱ्या अल्बमवर दोन शब्द, शांतचित्ताने

रेगेन्सबर्गच्या विद्यार्थी रेडिओवर जर्मनमध्ये बोललेली आमच्या गल्लीतली पहिली व्यक्ती मी. गल्लीतून कॉलेजात गेलेलीही पहिली मीच, त्यामुळे यात कुणाला फार आश्चर्य वाटू नये. वाटलं तर वाटू दे.

सुरुवात झाली फरशी पुसण्यावरून. मी तिथे इंजिनिअरिंगचं मास्टर्स करत होते आणि एका जर्मन मैत्रिणीबरोबर घर वाटून राहत होते; आमचं बोलणं इंग्रजीत. फ्रिजवर आमचा पुट्झप्लान चिकटवलेला असे, कुणी कधी काय साफ करायचं त्याचा तक्ता. शनिवारी स्वयंपाकघर दोघींनी मिळून. ते आम्ही एका ब्रिटिश गिटार बँडच्या पहिल्या अल्बमवर उरकायचो. चार पोरं, आणि मागे कुत्रं लागल्यासारखी पळणारी गाणी. पहिल्या गाण्याला बादली भरायची, शेवटच्या गाण्याला फरशी लखलखीत. मधल्या एका गाण्यात मॉप हातात धरून नाचायचं, हे ठरलेलं. खालच्या मजल्यावरचे आजोबा एकदा वर आले तेव्हा मी मॉपला कवेत घेऊन गिरक्या घेत होते. ते "शोनेस वोखेनएंडे", म्हणजे सुट्टी छान जावो, एवढंच म्हणून निघून गेले.

मग त्या बँडचा दुसरा अल्बम आला. मैत्रिणीने तो पहिल्या दिवशीच आणला. मी बादली भरली, सीडी लावली, आणि वाट बघत उभी राहिले. पियानो वाजला. मग पुन्हा पियानो वाजला. पोरगा गायला लागला तो आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखा.

"यावर फरशी पुसली तर सोमवार उजाडेल," मी म्हटलं.

"अगं, ते मोठे झालेत," ती म्हणाली. "सगळे समीक्षक हेच म्हणतायत. परिपक्व झालेत."

"आमच्याकडे लग्नानंतर वजन वाढलं की त्याला पण लोक असंच म्हणतात."

"जा, जा. तुला ऐकताच येत नाही."

"मला? मी यंत्रमागाच्या गावातली आहे. आवाजातलं मला शिकवू नकोस."

ती शुक्रवारी दुपारी विद्यार्थी रेडिओवर गाण्यांचा तास चालवायची. तिने मॉप भिंतीला टेकवला आणि म्हणाली, "मग ये की शुक्रवारी. हेच रेडिओवर बोल. पाच मिनिटं. जर्मनमध्ये."

"येते," मी म्हटलं. माझं जर्मन तेव्हा बेकरीत पाव घेण्याइतकं होतं. पण नाही म्हणणं आमच्या घरात कुणाला जमलेलं नाही.

त्या संध्याकाळी घरी फोन केला. आप्पा, माझे वडील, मागावर कामाला. शाळेत मी वक्तृत्व स्पर्धांत ढालींवर ढाली मिळवल्या, पण आप्पांनी मला स्टेजवर बोलताना कधी ऐकलं नव्हतं. स्पर्धा दिवसा, त्यांची पाळी दिवसा. ढाल घरी आली की ते ती पुसून फळीवर ठेवायचे आणि विचारायचे, "काय बोललीस?" मी सांगायच्या आत त्यांना झोप लागलेली असायची. हा रेडिओ मात्र इंटरनेटवरून जगात कुठेही लागत होता.

"म्हंजे हितं ऐकू येतंय?" आप्पा फोनवर ओरडले. लांबच्या फोनला मोठ्यानेच बोलावं लागतं, असा त्यांचा समज शेवटपर्यंत होता.

"नेट कॅफेत येतं. तुमचे साडेसहा वाजलेले असतील. पण तुमची पाळी…"

"बदली देतो. बोल तू. न्हाईतर कवा ऐकायचं मी?"

झालं. आता गमतीचं काही राहिलं नाही. आप्पा आयुष्यात पहिल्यांदा माझं भाषण ऐकणार होते, आणि मी पावाच्या जर्मनमध्ये बोलणार होते.

मला एकच पद्धत माहीत होती. भाषण लिहायचं, पाठ करायचं, हातवारे बसवायचे. लिहिलं मराठीत, मैत्रिणीला न सांगता शब्दकोश घेऊन जर्मन केलं, आणि आठवडाभर डॅन्यूबच्या काठाने सायकल मारत घोकलं. बदकांना त्या अल्बमचे दोष तोंडपाठ झाले असतील.

शुक्रवारी स्टुडिओत गेले. स्टुडिओ म्हणजे तळघरातली खोली, भिंतींना फोम, एक टेबल, दोन माइक. आत आम्ही दोघीच. लाल दिवा लागला. तिने माझी ओळख करून दिली आणि हाताने खूण केली: बोल.

मी उठून उभी राहिले.

का, तर भाषण उभं राहूनच करायचं असतं. हेडफोनची वायर ताणली गेली आणि हेडफोन टुणकन टेबलावर. मी हात जोडले आणि खणखणीत आवाजात जर्मनमध्ये सुरू केलं: "सन्माननीय अध्यक्ष महोदय, आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग, आणि येथे जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो! आज मी आपणांसमोर दुसऱ्या अल्बमविषयी जे दोन शब्द सांगणार आहे, ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावेत, ही नम्र विनंती."

मैत्रिणीने मागे वळून पाहिलं. तिला खरंच वाटलं, कुणीतरी अध्यक्ष आत आलेत. मग तिच्या लक्षात आलं की खोलीत टेबलाशिवाय कुणी नाही, आणि मी आदराने नमस्कार केलाय तो टेबलालाच. तिने ओठ दाबले. नाकातून एक बारीक आवाज आला. तो माइकमध्ये गेला. तो ऐकून मला खुदकन हसू फुटलं, आणि मग दोघी थांबेचनात. मी खुर्चीत कोसळले. ती टेबलावर डोकं टेकून हुंदके दिल्यासारखी हसत होती, आणि हे सगळं थेट जगभर चाललेलं. तिने चाचपडत एक बटण वर ढकललं आणि पहिल्या अल्बममधलं आमचं मॉपचं गाणं लागलं.

"आप्पा ऐकतायत!" मी डोळे पुसत म्हटलं. "आणि मी सगळं विसरले. एक शब्द आठवत नाहीये!"

"आल्झो, विसरलीस ते बरं झालं," ती म्हणाली. "अध्यक्षांना घरी पाठव. स्वयंपाकघरात बोलतेस तसं मला सांग."

गाणं संपलं. लाल दिवा. पाठांतर गेलेलं, हातवारे गेलेले. मी तिच्याकडे बघून मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोलायला लागले. म्हटलं, पहिला अल्बम म्हणजे आमची गल्ली. प्रत्येक घरात माग, सगळे एकदम खटाखट चालू. त्यात आम्ही अभ्यास केला, भांडलो, झोपलो. छान वाटतं, कारण त्यात विचार करावा लागत नाही. पण कधीकधी लाइट जाते. सगळे माग एका क्षणात थांबतात. आधी नुसते कान वाजतात, माणूस घाबरतं. मग हळूहळू ऐकू यायला लागतं: कुणाचा खोकला, पलीकडच्या काकूंची हाक, आणि माझे वडील मागाशी उभे राहून काहीतरी गुणगुणतायत. ते रोजच गुणगुणत असणार. आम्हाला फक्त लाइट गेल्यावर कळायचं.

इथे मी अल्बमला नावं ठेवायला आले होते. पण तोंडातून निघालं, "हा दुसरा अल्बम म्हणजे लाइट गेल्यावरची गल्ली आहे. मी उगाच रागावले होते. पियानो राहू दे."

व्याकरण सगळं उलटसुलट झालं असेल. मैत्रीण म्हणाली, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि यावेळी ती हसत नव्हती. तिने दुसऱ्या अल्बममधलं पहिलं गाणं लावलं.

आम्ही बाहेर पडताच मी विद्यापीठाच्या दारातल्या फोनकडे धावले. नेट कॅफेच्या मालकाने उचलला. पाठीमागे जत्रेसारखा कालवा. आप्पांनी निम्मी गल्ली आणली होती.

"आप्पा, आलं ऐकू?"

"आलं की! लई भारी! कळलं काय न्हाई, खरं सुरुवात वळखली मी. अध्यक्षांना म्हणलीस न्हवं पयलं? घरात घोकायचीस तीच चाल. मी म्हणलं सगळ्यांना, गप बसा, आता नम्र विनंती हाय!"

मला पुन्हा हसू यायला लागलं. "मध्ये आम्ही हसलो ते?"

"इनोदी भाषण असल म्हणलं. आमी पण हसलो."

"आणि गाणी?"

"पयलं ब्येस. दुसऱ्याला तुझ्या आईचा डोळा लागला."

"आप्पा, शेवटी मी तुमच्याबद्दल बोलले. मागावर गुणगुणता ना, त्याबद्दल."

"ते जर्मनीला कशाला सांगायचं गं," आप्पा म्हणाले, पण आवाज खुशीचा होता. लगेच ते पुन्हा ओरडले, "खरं एक सांग. तुझं झाल्यावर तिकडं टाळ्या कशा न्हाईत वाजल्या?"

"आप्पा, खोलीत आम्ही दोघीच होतो."

"मग बरं झालं," ते म्हणाले. "आमी हितं वाजवल्या."