धाकटीनं सोडलेली वेणी

माझी धाकटी बहीण हुशार आहे, हे मला सांगू नका. जन्मभर तेच ऐकत आलेय. वेंधळी तर इतकी, की चष्मा डोक्यावर आणि शोधाशोध घरभर. तरी बाबांच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक मला बघून विचारतं, धाकट्या ताई नाहीत का? मी काय तिथे माश्या मारायला बसते? नुसता जळफळाट होतो जिवाचा.

बाबांना आता कमी दिसतं. दुकान दोघींपैकी एकीच्या हाती द्यायचं त्यांच्या मनात होतं, आणि मला ते हवं होतं. म्हणून गाण्याच्या तालमीच्या हॉलसाठीचा अ‍ॅम्प्लिफायर मी एकटीनं बांधला. आतल्या वायरी बाबांच्या पद्धतीनं एकमेकींत गुंफल्या, घट्ट वेणी घालून वर दोरा बांधला. देखणं काम होतं, उगाच कशाला खोटं बोलू.

हॉलवाला लगेच तक्रार घेऊन हजर. गाणाऱ्या बाईंचा आवाज फक्त डाव्या स्पीकरमध्ये हवा, तर तो बासरीच्या उजव्या स्पीकरमध्येही कुजबुजत होता. मी आयसी बदलला, कपॅसिटर बदलले, अर्थिंग तपासलं. कुजबुज आपली जागची हलेना.

धाकटी चहा द्यायला आली नि नाक खुपसलंच. डाव्या बाजूला गाणं लावलं, उजवी रिकामी ठेवली आणि बोटानं वेणी दाबली. कुजबुज वाढली. सैल केली, तर कमी झाली.

"ताई, दोन्ही माइकच्या वायरी गळ्यात गळे घालून बसल्यात," ती म्हणाली. "एकीचं दुसरीला ऐकू जाणारच."

दोरा कापून तिनं वायरी डब्याच्या दोन कडांना लांब लांब नेल्या. उजवा स्पीकर गप्प झाला. माझ्या अंगाचा तिळपापड.

तेवढ्यात बाबा आले, आत हात घालून चाचपलं.

"वेणी कुणी सोडली?"

त्यांच्या वेणीला आजवर कुणी हात लावला नव्हता. आता हिची चांगली खरडपट्टी निघणार, म्हणून मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दोघींनी मिळून सोडली, असं काहीतरी ती सांगायला लागली, पण मी तिला पुरतं बोलू दिलं नाही.

"हिनं. एकटीनं. मी हातसुद्धा लावला नाही."

बाबांनी एकेका स्पीकरला कान लावून सावकाश ऐकलं. आपण इतकी वर्षं उगाच वेण्या घालत बसलो, असं पुटपुटले. मग तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्यापासून दुकान तू बघ."

काम तिचं एकटीचं, याला साक्ष माझीच होती.