मैलाच्या दगडाआधीचा माग

ती घटना विसरण्याची मी पुष्कळ खटपट केली. नोकरी मुदतीआधी सोडली. बंगळूरच्या पूर्वेकडे जाण्याचे प्रसंग टाळले. तरी पाऊस पडून गेल्यावर ओल्या मातीत गाडीचे माग दिसले की पाय थांबतात, आणि पुढचं चाक कुठून गेलं, मागचं कुठून गेलं, हे मी बघत बसतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सब-इन्स्पेक्टर होतो. होसकोट्याकडे जाणारा रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं आणि कडेने लाल मुरूम टाकलेला होता. एका संध्याकाळी, भुरभुर थांबल्यावर, कोबीच्या शेतातून घरी निघालेल्या एका मजूर बाईला गाडीने उडवलं. गाडी थांबली नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा बाई गेलेली होती. गाईसाठी गोळा केलेली कोबीची पानं मुरुमावर पसरली होती, आणि तिच्या पलीकडे मैलाचा दगड उपटून आडवा पडला होता.

मी जीप शहराच्या बाजूलाच मुरुमावर उभी करायला लावली, म्हणजे ती गाडी जिकडून आली त्या बाजूला. आमच्या कामाची रीतच तशी होती. प्रेत जिथे, तिथून तपास सुरू. आणि वाहन जिकडे पळालं तिकडे पुढे. आलं कुठून, हे सहसा कोणी बघत नसे. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्या आडव्या दगडावर बसून मी पंचनामा लिहिला.

दगडाच्या पुढे मुरुमात चाकांचे माग स्पष्ट उमटले होते, आणि ते विचित्र होते. गाडी सरळ जात असेल तर मागचं चाक पुढच्याच मागावरून जातं आणि एका बाजूला एकच रेघ दिसते. इथे दोन-दोन रेघा होत्या. मागची चाकं चार बोटं डावीकडून गेली होती. रस्त्यावरचं कुत्रं अंग तिरकं करून पळतं, तशी ही गाडी पळाली होती.

सोबतचा हवालदार पूर्वी लॉरी चालवायचा. तो म्हणाला, "सार, मागचा अॅक्सल सरकलाय हिचा. जुनी गाडी आहे."

मला आनंद झाला. प्रेताशेजारी उभं असताना झाला, हेही लिहून ठेवतो. नंबर कोणी पाहिला नव्हता, रंग कोणी सांगत नव्हतं, आणि तरी हातात खूण आली होती. व्हाइटफील्डपासून यशवंतपूरपर्यंतच्या गॅरेजांना आम्ही निरोप दिला: मागची चाकं सरळ करून घ्यायला कोणी आलं तर आधी ठाण्याला फोन.

काही दिवसांनी यशवंतपूरहून फोन आला. गॅरेजवाला आमच्या ओळखीचा होता. म्हणाला, "सार, स्वल्प लवकर या. एक जुनी अँबेसेडर आलीय. मागची चाकं सरळ करून द्या म्हणतोय, आणि आजच्या आज पाहिजे म्हणतोय."

आजच्या आज, हे शब्द मला पुरेसे वाटले. उद्या सकाळी त्याला लग्नाचं वऱ्हाड न्यायचं होतं, हे तो नंतर सांगत होता. तोवर मी ऐकण्याच्या पलीकडे गेलो होतो.

ड्रायव्हर चाळिशी ओलांडलेला, सडपातळ माणूस. टॅक्सी त्याची स्वतःची. ठाण्यात दुपारभर कन्नडमध्ये चौकशी झाली. प्रत्येक प्रश्नाला त्याचं एकच उत्तर, "गोत्तिल्ला सार," ठाऊक नाही. शेवटी एका शिपायाने काठी उगारली, तसा तो अंग चोरून पुटपुटला, "आई गं, काय करू मी आता?"

मी मान वर केली. आमच्या घरचं मराठी असंच आहे. कधी काळी पूर्वज इकडे आले, आणि भाषा उंबऱ्याच्या आत राहिली. पुण्याचा माणूस ऐकून हसेल असं ते मराठी मी ठाण्यात कधी बोललो नव्हतो. मी शिपायांना बाहेर पाठवलं, कॉफी मागवली.

"अण्णा, घर कुठं तुमचं?"

तो दचकला. "साहेब, तुम्ही आपल्यातले?"

"आपल्यातलाच. कॉफी घ्या आधी."

"बायकोला सांगितलं नाही हो. तिला वाटंल बसलाय कुठं तरी पत्ते कुटत."

"निरोप धाडतो. त्या संध्याकाळी होसकोट्याला गेला होता काय?"

"गेलो होतो. गिऱ्हाईक सोडायला."

"वाटेत काही लागलं गाडीला?"

तो पहिल्यांदा हसला. "माझ्या गाडीला काय, खड्डा आला की मागनं धप्प करती. आमच्या सासूबाईसारखी आहे. चालती, पण कुरकुर केल्याशिवाय नाही."

मीही हसलो. मग विचारलं, "त्या दिवशी झालं धप्प?"

"झालं असंल. होसकोट्याच्या अलीकडं एकदा मोठं झालं. खड्डा होता."

"खड्डा बघितलात?"

"नाही. अंधारून आलं होतं."

"मग खड्डाच होता कशावरनं, अण्णा?"

त्याने पेला खाली ठेवला. मी आवाज आणखी खाली आणला. म्हटलं, तुमची मागची चाकं बाहेरून चालतात. पुढून वाचलेलं माणूस मागच्या चाकाखाली येऊ शकतं. तुम्हाला कळलंही नसेल. तुम्ही काय मुद्दाम कराल?

"बाई होती काय हो ती?" त्याने विचारलं. आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाला, "माझ्या हातनं बाई मेली."

बोटसुद्धा न लावता मी गुन्हा उघडकीला आणला होता. वरिष्ठांनी पाठ थोपटली. कोर्टात त्याच्या वकिलाने गप्प राहायला सांगितलं असतानाही तो हात जोडून मॅजिस्ट्रेटना कन्नडमध्ये म्हणाला, "स्वामी, मीच केलं." त्याला कैद झाली.

निकालानंतर जप्त केलेली गाडी त्याच्या बायकोला परत द्यायची होती. ती कोणाला तरी चालवायला देऊन घर चालवणार होती. मला दया आली. मागची चाकं तिरकी ठेवून कशी द्यायची, म्हणून मी ती त्याच गॅरेजात नेली आणि स्वतः उभा राहिलो.

अँबेसेडरचा मागचा अॅक्सल लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगवर बांधलेला असतो. पाट्यांच्या मधोमध एक बोल्ट असतो, तो अॅक्सलला जागेवर धरतो. तो तुटला की अॅक्सल एका बाजूने मागे सरकतो. गॅरेजवाल्याने गाडी उचलली, यू-बोल्ट सोडवले, आणि तुटक्या बोल्टचा तुकडा माझ्या हातावर टाकला. तुटलेली बाजू घासून घासून गुळगुळीत झाली होती, गंजून काळी पडली होती.

"हा कधी तुटला असेल?" मी सहज विचारलं.

"अय्यो, लई जुना आहे सार," पाना शोधता शोधता तो म्हणाला. "अपघाताच्या कितीतरी आधीचा. हा बाबा तशीच फिरवत होता. टायर खायला लागली तेव्हा आणली असंल."

तो पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोरी ताणून बघत होता, आणि मी तो तुकडा धरून उभा होतो. ही गाडी आधीपासून तिरकी चालत असेल, तर मैलाच्या दगडाआधीही तिचे माग दोन-दोनच असायला हवे होते. आणि दगडाआधी काय होतं, ते मी पाहिलं होतं. जीपमधून उतरलो तेव्हा माझ्या बुटाशीच होतं. एका बाजूला एकच रेघ, स्वच्छ सरळ. तिच्यावर आमच्या जीपची चाकं चढलेली होती.

म्हणजे बाईला उडवणारी गाडी दुसरीच होती, आणि ती सरळ आली होती. बाईला उडवून तिचं मागचं चाक मैलाच्या दगडावर आदळलं, तिथेच अॅक्सल सरकला, आणि मग ती तिरकी पळाली. ज्या दगडावर बसून मी पंचनामा लिहिला, त्यानेच मला सगळं सांगितलं असतं. या ड्रायव्हरच्या चाकांवर दगडाचा ओरखडासुद्धा नव्हता. जप्ती करताना तेही माझ्या लक्षात आलं होतं. मी ते महत्त्वाचं मानलं नव्हतं.

"सार, अॅक्सल जागेवर आला. बसवू ना घट्ट?"

"बसवा," मी म्हणालो.

तुकडा मी त्याच्या हातात परत दिला. त्याने तो भंगारात टाकला. खिशात ठेवायला किती वेळ लागला असता?

आठवडाभराने मी वरिष्ठांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते आधीचे माग आता कुठे आहेत?"

"माझ्या जीपखाली गेले, सर."

"लिहून देशील?"

"देईन."

"मग आधी त्याला अपील करू दे. तो स्वतःच्या तोंडाने कबूल झालाय. जा, विचार त्याला." ते काय ओळखून होते, ते मला तुरुंगात त्याला भेटल्यावर कळलं.

भेटीच्या खोलीत मी त्याला सगळं सांगितलं, मराठीत. बोल्ट, गंज, दगड, माझी जीप. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हटलं, "अण्णा, तुमच्या गाडीनं झालेलं नाही ते. अपील करा. मी साक्ष देतो."

त्याचा चेहरा उजळला. मला वाटलं, पटलं.

"साहेब, तुम्ही लई चांगले," तो म्हणाला. "आपला माणूस म्हणून धीर द्यायला एवढ्या लांब आलात."

"धीर नाही हो, खरं सांगतोय!"

"धप्प झालं होतं साहेब. तुम्हीच म्हणालात, खड्डाच होता कशावरनं. मी रोज आठवून बघतो. आधी नुसतं धप्प आठवायचं. आता तिचा पदर पण दिसतो."

तो पदर मी त्याच्या डोळ्यांत घातला होता, आणि काढायला माझ्याकडे तीच भाषा होती, जिच्यावर त्याचा आता पूर्ण विश्वास होता. मी पुन्हा सांगितलं. तो मान हलवून "सरी, सरी", बरं बरं, म्हणत राहिला, आजाऱ्याची समजूत घालावी तसा. बाहेर आलो तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. अपील होणार नव्हतं, मला काही लिहून द्यावं लागणार नव्हतं. त्या सुटकेची लाज मला आजही त्या चुकीपेक्षा जास्त वाटते. त्याच्या सहीशिवायही मी कोर्टाला कळवू शकलो असतो. कळवलं नाही.

खरी गाडी सापडली नाही. सापडणार कशी, आम्ही शोधच थांबवला होता. त्या बाईच्या घरच्यांना वाटतं, तिला न्याय मिळाला.

या तपासाने मला एवढंच शिकवलं, की धाकाने घेतलेली कबुली माणूस बाहेर पडल्यावर नाकारू शकतो. मायेने घेतलेली तो स्वतःचीच समजून जपतो. नंतरच्या नोकरीत मी कोणत्याही आरोपीशी मराठीत बोललो नाही. त्याने काय भरून निघतं, मला ठाऊक नाही.

तो सुटून आल्यानंतर एकदा त्याची बायको मला यशवंतपूरच्या बाजारात भेटली. गाडी विकून टाकली होती. तो आता स्टिअरिंगला हात लावत नाही, म्हणाली. रिक्षात बसला तरी धक्का बसला की उतरून मागे बघून येतो. मग तिने पिशवी खाली ठेवली आणि भर बाजारात माझ्या पाया पडायला वाकली.

"तुम्ही होता म्हणून, अण्णा. नाहीतर मारून मारून काय पण कबूल करून घेतलं असतं त्यांच्याकडनं."