खुर्चीखालचे पट्टे

असल्या जुन्या खुर्च्या शोधत हल्ली शौकीन लोक घरी येतात. परवा एक जण माझ्यासमोर वाकून आमच्या खुर्चीखालचे पट्टे पाहायला लागला. मी त्याला हात लावू दिला नाही. जरा चढ्या आवाजातच बोलले असेन, कारण बिचारा चहा न घेता गेला.

साठचं दशक संपत आलं होतं. बाबा नागपुरात सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. सिव्हिल लाइन्समधला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी निघाला, त्याच्या सामानाचा लिलाव झाला आणि बाबा सायकलरिक्षात मांडीवर ती खुर्ची घेऊन घरी आले. सागवानी, बुटकी, रुंद हातांची. बसायला जाड चामडं, दोन दांड्यांवरून खाली वळवून पितळी बकलांच्या पट्ट्यांनी ताणलेलं. "जनावराचं कातडं घरात काहून आणलं?" आई म्हणाली, आणि तिने खुर्ची स्वयंपाकघराच्या आसपास कधी फिरकू दिली नाही.

बाबा चांगले भारदस्त. त्यांच्या वजनाने चामडं वर्षभरात सैल पडायचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सायकल आणि शिलाई मशीन पुसून झालं की बाबा चामड्याला एरंडेल चोळत आणि मी पाठीवर झोपून खुर्चीखाली शिरे. दोन्ही पट्टे एकेक भोक आवळायचे, हे माझं काम. मला त्याचा कोण अभिमान!

मी अकरा वर्षांची होते त्या दसऱ्याला पट्टे जागचे हललेच नाहीत. चामडं गेल्या वर्षीइतकंच ताठ होतं.

"बाबा, यंदा ढिलं नाही झालं!" मी खालून ओरडले.

"जुनं झालं आता. किती ताणन ते?" ते म्हणाले आणि चोळत राहिले. खालून मला त्यांचे पाय तेवढे दिसत होते. पायजमा घोट्याभोवती नुसता लोंबत होता.

मग मी मोजायला लागले. बाबा बसले की चामडं आणि फरशी यांच्यामध्ये माझी एक वीत मावायची. आता वितेवर चार बोटं उरत. आठवड्याने पाच. मी कुणाला बोलले नाही. गल्लीतल्या एक काकू मोठ्या दवाखान्यात गेल्या त्या परत आल्या नव्हत्या, आणि दवाखान्याबद्दल मला तेवढंच माहीत होतं.

आईलाही डोळे होते. एका सकाळी तिने बाबांना अडवलं.

"तुमी वाळून राहिले. सोमवारी मोठ्या दवाखान्यात चला."

"मले काई नाई झालं वं."

"खुर्ची पाहा ना. आधी कसे आत रुतत होते. आता वरच्या वर बसता, पाहुण्यावानी."

दुपारी आई दळण आणायला गेली तेव्हा मी खुर्चीखाली शिरले आणि दोन्ही पट्टे दोन-दोन भोकं सैल केले. चूक करतेय असं मला वाटलंच नाही. मी बाबांना वाचवत होते.

संध्याकाळी बाबा टेकले ते एकदम खाली गेले. क्षणभर दचकले. मग मोठ्याने हसले.

"पाह्य वं, कुठं वाळलो मी?" ते आईला म्हणाले.

आईने दोनदा वाकून पाहिलं. तिचा चेहरा जरा निवला. तो सोमवार टळला. मग दिवाळी होऊ द्या, मग संक्रांत. संक्रांतीनंतर बाबांना घास गिळवेना, तेव्हा कुठे दवाखाना झाला. "तीन महिने आधी आणायचं होतं," डॉक्टर आईला म्हणाले. मी तिच्या पदराला धरून उभी होते.

बाबांना घरी आणलं. एका दुपारी त्यांनी मला एकटीलाच खाटेजवळ बोलावलं.

"पट्टे पहिल्यासारखे आवळून टाक. तुह्या आईले दिसले नाई पाहिजे."

त्यांना कधीपासून माहीत होतं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी खुर्चीखाली शिरले. वर कुणी बसणारं नव्हतं, पट्टे सहज आवळले गेले.

बाबा होळीच्या आधी गेले. आई पुढे कितीतरी वर्षं आल्यागेल्याला एकच सांगायची, "मले समजलं होतं. पण या खुर्चीनं फसवलं मले." ती खुर्चीकडे अशी बघायची की समोरचा माणूसही खुर्चीकडेच रागाने बघायचा. चहाचे कप उचलायला मी तिथेच असायचे. आई जाईपर्यंत मी तिला खुर्चीलाच बोल लावू दिला.