कादंबरीच्या कोऱ्या पानावरचा जबाब

दिनांक विसरलो, वार रविवार, ठिकाण वडूज येथील आमचे राहते घर, साक्षीदार पत्नी, वादाचा विषय सांगलीच्या कॉलेजातून सुट्टीवर आलेल्या आमच्या मुलीने वाचायला आणलेली कादंबरी. आज शाईच्या पॅडची डबी उघडली आणि त्या वासाने हे प्रकरण आठवले. कादंबरीतील मुलगी एक जुने पुस्तक उघडून गतकाळात जाते आणि जाताना घराचे दार उघडेच ठेवते. लोकांचे अर्ज लिहिण्यात हयात घालवलेल्या मला ते उघडे दार खटकले. निम्म्यावरच पुस्तक मिटून मी विचारले, "घर सोडायचा बेत कुणाचा?" आमची मुलगी हसली, "आवं आप्पा, गोष्ट हाय ती, नोटीस न्हाई." पत्नी म्हणाली, "पोरगी पुस्तक वाचती, तुमी पंचनामा करताय व्हय?" तरीही शेवटच्या कोऱ्या पानावर 'मी घर सोडणार नाही' असा जबाब लिहून मी पदवीला शिकणाऱ्या त्या मुलीचा अंगठा उमटवून घेतला. निळे बोट ओढणीला पुसत, पुस्तक तिथेच ठेवून ती सांगलीच्या गाडीत बसली, ती पुन्हा सणालाही आली नाही. आज राहिलेला निम्मा भाग वाचला. ती मुलगी गतकाळात अडकलेल्या बापाला परत आणायला गेली होती. दार त्याच्यासाठीच उघडे होते. हे ठाऊक असूनही आमची मुलगी गप्प का राहिली, हा संशय अद्याप कायम आहे. सबब कळवतो की, जबाबाचे पान मी फाडले असून दार उघडे ठेवले आहे. तरी मुलीने खुलासा टपालाने न पाठवता समक्ष येऊन करावा, ही विनंती.