काशीनाथ मिस्त्रींचा संशय

गाडीला काय झालंय हे गिऱ्हाईक सांगायला लागलं की काशीनाथ मिस्त्री हाताचा पंजा वर करायचे. "सांगू नका. सांगितलात की मी तितंच बघत बसंन." मग मालकाला गॅरेजच्या दारात उभं करून ते चावी घेत आणि एकटेच पेण-खोपोली रस्त्यावर एक फेरी मारून येत. परत आल्यावर प्रश्न सुरू होत, पोलीस विचारतात तसे. गाडी कोण कोण चालवतं? शेवटचा हात कुणाचा लागला? ऑइलचा डबा तुमच्या डोळ्यांसमोर फोडला काय? फोडला म्हटलं तर, "डोळे उघडे व्हते ना?"

पेणमध्ये त्यांच्याबद्दल दोन मतं होती. काहींना वाटे, असा मिस्त्री पनवेलपर्यंत सापडणार नाही. काहींना वाटे, या माणसाचा स्वतःच्या बायकोवरही विश्वास नसेल. त्यांची बायको, सुमनवहिनी, हमरापूरच्या एका कारखान्यात गणपतींची रंगरंगोटी करायला जायची. ती एकदा मला हसत म्हणाली होती, "मी चाय दिली तरी आदी वास घेतात गो!"

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती नवी नवी गाडी घेतल्यावर. नवी म्हणजे मला नवी, खरं तर दुसऱ्या हातची, छोटी डिझेल गाडी, पण टर्बो असलेली. मी रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये काम करत होते. रोज पेणहून वडखळ, नागोठणे, भिसे खिंड असं जायचं आणि तसंच परत यायचं. काशीनाथ मिस्त्रींनी फेरी मारून आल्यावर ऑइलची पट्टी काढली, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब सोडला आणि कागद उन्हात धरून त्या थेंबाभोवती पसरत जाणारं कडं बघत बसले. मी म्हटलं, "आम्हीही लॅबमध्ये असंच करतो. कागदावर थेंब सोडून काय काय वेगळं होतं ते बघतो."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "लेबल बघून नाय समजत?"

"लेबलवर विश्वास ठेवायचा नाही, याचाच पगार मिळतो मला."

त्यावर ते हसले नाहीत, पण स्टूल माझ्याकडे सरकवलं. पुढे कळलं की स्टूल सगळ्यांना मिळत नसे.

मला वेगाची आवड आहे. पस्तिशी उलटलेल्या, दोन मुलांच्या आईने हे बोलू नये असं आमच्याकडे समजतात, म्हणून मी ते कुठे बोलत नसे. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावरच फिरणारा एक छोटा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. तो फिरायला लागला की गाडी पाठीवर हात ठेवून आपल्याला पुढे ढकलते. नागोठण्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की मी त्या ढकलण्याची वाट बघायची. आमच्या कंपनीतल्या इन्स्ट्रुमेंट खात्यातल्या सागरने मला सांगितलं होतं की हे तर काहीच नाही. लॅपटॉप लावून गाडीच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून मिळतो, हवेचा मोकळा फिल्टर बसवला की झालं, गाडी ओळखू येणार नाही. मी ते काशीनाथ मिस्त्रींना सांगितलं.

"पळवायची हाय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग आदी थांबायचं बघू."

आठ दिवस गाडी त्यांच्याकडे होती. परत मिळाली तेव्हा ब्रेकचे पॅड आणि डिस्क नवे होते, टायर नवे, ब्रेक ऑइल बदललेलं, हवेच्या नळ्या आणि त्यांचे पट्टे नवे. पळण्यात मात्र काडीचा फरक नव्हता. मी विचारलं, "आणि प्रोग्रॅम?" ते म्हणाले, "बघू. गाडीचा आवाज मला अजून पटलेला नाय."

कंपनीत सागर म्हणाला, "मॅडम, त्यांना ते काम येत नसणार. येत नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून ब्रेक बदलत बसलेत." हे माझ्या मनात जाऊन बसलं. लॅपटॉप त्यांच्या गॅरेजमध्ये मी कधी पाहिला नव्हता. आधीच्या आठ दिवसांत मी स्टुलावर बसून जे जे ऐकलं होतं, ते सगळंच मला आता टाळाटाळ वाटायला लागलं.

त्यातली एक गोष्ट मात्र लक्षात राहिली होती. तरुणपणी काशीनाथ मिस्त्री दगडाच्या खाणीवर डंपरचं काम करत. टर्बो त्यांनी तिथे पहिल्यांदा पाहिला. एका डंपरच्या टर्बोचं ऑइल अडवणारं सील गेलं आणि इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पेटवायला लागलं. डिझेलचं इंजिन एकदा ऑइलवर चालायला लागलं की चावी काढली तरी बंद होत नाही. ड्रायव्हर उडी टाकून पळाला. मिस्त्री आत चढले. "टाकला वरचा गिअर, सगला भार ब्रेकवर, मंग क्लच सोडला. इंजिनाचा गळा दाबायचा, दुसरा इलाज नाय." हे सांगताना ते माझ्या गाडीच्या चाकापाशी उकिडवे बसून ब्रेकचा पॅड घासत होते.

एका रविवारी मी कुणाला न सांगता पनवेलकडच्या एका दुकानात जाऊन प्रोग्रॅम बदलून आणला, लाल रंगाचा मोकळा फिल्टरही बसवून घेतला. गाडी खरंच ओळखू येईना. वडखळच्या नाक्यापासून ती अशी उठायची की मला एकटीलाच हसू यायचं. त्या वर्षी हायवेचं काम चालू होतं, रस्त्यावर लाल धुरळा असायचा. मोकळ्या फिल्टरमधून तो आत जात असेल, याची मला पर्वा नव्हती.

दीड-दोन महिन्यांनी सर्व्हिसिंगला गाडी पुन्हा काशीनाथ मिस्त्रींकडे नेली. निघण्यापूर्वी घरी लाल फिल्टर काढून जुना बसवला. इतकं ठरवून मी खोटं बोलायला निघाले होते. ते फेरी मारून आले. सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून त्यांनी नेहमीपेक्षा दाट झालेली काजळी पाहिली.

"कुनाचा हात लागला?"

"कुणाचाच नाही," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर हटवली नाही, आणि त्याचा मला तेव्हा अभिमानही वाटला. "बरं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी घेऊन जा असा निरोप आला.

त्या दिवसापासून गाडी मंदावली. पेडल दाबलं तरी पूर्वीसारखी उठेना. चार-पाच दिवस मी डिझेलला दोष दिला. मग सुट्टीच्या दिवशी धुवायला म्हणून पायाखालचं मॅट उचललं, तर अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलखाली ट्रकच्या टायरमधून कापलेला रबराचा एक जाड तुकडा घट्ट चिकटवलेला! पेडल जेमतेम अर्ध्याच्या पुढे जात होतं. मी तो स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढला आणि डिकीत टाकला. राग तर आलाच होता, पण त्याहून जास्त समाधान झालं, की आपला संशय खरा ठरला. दुसऱ्याकडे काम दिलं म्हणून या माणसाने सूड घेतला. जाऊन विचारावं असं मला वाटलं नाही. आता तिकडे पाऊल टाकायचंच नाही असं मी ठरवलं, आणि लाल फिल्टर परत बसवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिसे खिंडीचा चढ चढताना मी पेडल पूर्ण दाबलं. गाडी उठली, आणि पुढच्याच क्षणी मागच्या काचेत निळसर पांढरा धूर भरला. मी पाय काढला. इंजिनाचा आवाज कमी होईना, वाढतच गेला. चावी फिरवून बंद केली. तरी आवाज वाढतोय. समोरून एस.टी. येत होती. मला त्या वेळी देव आठवला नाही, मुलं आठवली नाहीत, उकिडवे बसून पॅड घासणारे काशीनाथ मिस्त्री आठवले. पाचवा गिअर, सगळ्या अंगाचा भार ब्रेकवर, आणि क्लच सोडला. गाडीने दोन आचके दिले, सगळी थरथरली आणि वळणाच्या कडेला गप्प झाली. नवे ब्रेक जागचे हलले नाहीत. एस.टी.चा ड्रायव्हर उतरून धावत आला आणि "बाई, बाहेर या, बाहेर या," म्हणत त्यानेच दार उघडलं.

गाडी टेम्पोला बांधून पेणला आणली. रबराचा तुकडा अजून डिकीतच होता. मी तो काढून काशीनाथ मिस्त्रींच्या समोर बॉनेटवर ठेवला.

"हे तुमचं?"

"व्हय."

"माझ्या गाडीत? मला न विचारता?"

त्यांनी तुकडा उचलून बाजूला ठेवला. त्यांनी बॉनेट उघडून हवेची नळी सोडवली. आत टर्बोचा पंखा दिसत होता, ऑइलने माखलेला, पाती धुळीने खाल्लेली. "हात लावा," म्हणाले. मी बोट लावलं तर तो सैल दातासारखा हलला.

"हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"सर्विसला आलेली तवा बघितला. इतका नवता हलत. पन हलत व्हता."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुमी माज्या तोंडावर खोटं बोललात, म्याडम. म्हटलं, हिला सांगून ही काय ऐकायची नाय. वरतून दुसरीकडं नेईल. तेच्यापेक्षा रबर लावू, चार दिवस दमानं चालवील, तवर सामान मागवू. सामान सांगितलेलासुदा हाय."

"तुम्ही सांगितलं असतंत, तर मी गाडी इथेच ठेवून एस.टी.ने गेले असते."

"गेला असता?"

"गेले असते."

त्यांनी माझ्याकडे तसंच रोखून पाहिलं, त्या दिवशी पाहिलं होतं तसं. या वेळी मी खरं बोलत होते. ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला. हातातला पाना ठेवून ते माझ्या समोरच्या जुन्या टायरवर बसले.

"मंग मीच तुमाला मारायला निगालो व्हतो, म्हनजे," ते हळू म्हणाले. मग म्हणाले, "सगळेच खोटं बोलतात, हे धरूनच चालायची सवय लागली. सांगायचंच राहून गेलं."

"मीही खोटं बोलले," मी म्हटलं.

त्या दिवशी सुमनवहिनीने आणलेला चहा त्यांनी वास न घेता पिऊन टाकला. ती माझ्याकडे बघून डोळे मोठे करून आत गेली.

पुढे त्यांनी टर्बो नवा बसवला, लाल फिल्टर माझ्यासमोर कचऱ्यात टाकला, आणि एवढी हौस आहे तर होऊ दे म्हणून पनवेलकडच्या त्या दुकानातल्या माणसाला लॅपटॉप घेऊन गॅरेजमध्ये बोलावलं. तो काम करत असताना मिस्त्री त्याच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत बसले होते. त्यातलं त्यांना अक्षर कळत नव्हतं, पण दर दोन मिनिटांनी विचारत, "ह्यो आकडा कशाला वाडवलास? कमी कर." त्याने वैतागून खरंच कमी केला. ती गाडी मी पुढे बरीच वर्षं चालवली, आणि ती पळायचीही छान. लोकांवरचा त्यांचा संशय काही गेला नाही. फक्त एक झालं. गाडीत जे सापडेल ते आता ते मालकाला हाताला धरून नेऊन दाखवत आणि तीन-तीनदा सांगत. ऐकणारा कंटाळे. मला ते म्याडम सोडून 'गो बाय' म्हणायला लागले.

त्यांचं शेवटचं आजारपण फुप्फुसाचं होतं. पेणच्या डॉक्टरांनी मुंबईला तपासण्या करून घेतल्या आणि जे सांगायचं ते मुलाला सांगितलं. घरात सगळ्यांनी ठरवलं की त्यांना कळू द्यायचं नाही, छातीत कफ साठलाय एवढंच म्हणायचं. मी भेटायला गेले तेव्हा सुमनवहिनीने मला ओट्यावरच थांबवलं. "तू काय बोलू नको गो. हाय खातील ते."

ते खाटेवर बसले होते, उशीला टेकून. खूप वाळले होते. मी बसल्यावर त्यांनी उशीखालून तपासणीचे कागद काढले. ते त्यांनी कुणाच्या पिशवीतून मिळवले होते, देव जाणे.

"ह्ये कोन मला वाचून दावीत नाय," ते म्हणाले. "पोरगा म्हनतो कफ. हिचं पन त्येच. तू लॅबवाली. तू सांग."

दारात सुमनवहिनी उभी होती. माझ्याकडे बघून तिने मान हलवली, नको म्हणून. मी कागद हातात घेतले. इंग्रजी होते. पहिल्या ओळीपासून सुरुवात करून मी ते मराठीत सांगत गेले, एकही ओळ न गाळता. गाठ कुठे आहे, केवढी आहे, कुठवर पसरली आहे. एका ठिकाणी ते बोट वर करून म्हणाले, "ह्ये परत वाच." मी परत वाचलं. सुमनवहिनी पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

वाचून झालं. खिडकीबाहेरून एक रिक्षा खडखडत गेली, तिच्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"ते यात लिहिलेलं नाही, दादा. मला माहीत नाही."

त्यांनी कागद माझ्याकडून घेतले, त्यांची नीट घडी घातली. मला वाटलं, आता ते माझ्याकडे रोखून बघतील, उलटसुलट विचारतील. त्यांनी तसं काही केलं नाही.

"बरं," म्हणाले. "नाय म्हाईत, तर नाय म्हाईत." आणि आत गेलेल्या सुमनवहिनीला हाक मारून मला चहा ठेवायला सांगितला.