करकरणारे बूट

सरकारविरुद्ध बोलला म्हणून माझ्या मामाला सक्तमजुरी झाली आणि तुरुंगातल्या पहारेकऱ्यांचे बूट शिवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. कैद्यांनी आपसात बोलायचं नाही, बोललं की फटके, असा तिथला नियम. मामा हाडाचा कारागीर. तळव्याच्या दोन थरांमध्ये तो चामड्याचा एक कोरडा तुकडा मुद्दाम सरकवायचा. पाऊल पडलं की बूट करकरायचा आणि पहारेकरी वळणावर असतानाच अख्खी बराक चिडीचूप व्हायची. त्याची पाठ फिरली की गप्पा पुन्हा सुरू! त्या गाढवांना वाटायचं, करकर म्हणजे रुबाब. असं डोकं आमच्या खानदानात दुसऱ्या कुणाला नाही, मलासुद्धा नाही.

पुढे नवा जेलर आला. त्याचे बूट बाहेरून आणलेले, मांजराच्या पावलांसारखे. पहिल्याच दिवशी दोघांना बोलताना पकडून त्याने फोडून काढलं. मामा हात जोडून त्याच्यासमोर उभा राहिला.

"साहेब, लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण तुमच्या शिपायांचे बूट वाजतात आणि तुमचे नाहीत. बरं दिसतं का ते?"

जेलरने खाली पाहिलं. मग तिथेच स्टुलावर बसून त्याने स्वतःच्या हाताने बूट काढले आणि मामापुढे ठेवले.