पंचाची सही

माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर पोलीस ठाणं आहे. अकोटच्या पहिल्या बसने एक माणूस रोज येतो, पंचनाम्याच्या कोऱ्या प्रती काढतो आणि छापा पडण्याआधीच त्यांवर पंच म्हणून सह्या करतो. शाई वाळेपर्यंत प्रत्येक कागदावर हळूच फुंकर घालतो. तो ठाण्याचा खबरी आहे आणि गुटख्याच्या टोळीचा माणूसही, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे.

एकदा मी विचारलं, “भाऊ, तुमच्या गाड्या कावून सापडत नाई?”

“खबर देनारा मीच आहो,” तो म्हणाला. “मंग आमची खबर कोन देनार?”

मग पंचनाम्यातल्या पत्त्याच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून त्याने माझ्या दुकानाची पाटी सावकाश वाचली.

तेव्हापासून तो आला की मी आधी खुर्ची पुसून देतो.